तुकोबारायांनी मिटलेली खतावणी

श्रीतुकोबारायांचे चरित्र वारकऱ्याला नवे नाही. फाल्गुन वद्य द्वितीयेला बीजेच्या कीर्तनात ते आपण दरसाल ऐकतो, आणि देहूच्या वाटेवर तर दगडधोंडेसुद्धा ते सांगतात. तेव्हा काही अपूर्व सांगण्याचा आव आम्ही आणत नाही. पण ऐकता ऐकता आपल्याला एक सवय जडली आहे. दुष्काळ पडला, संसार बुडाला, महाराज डोंगरावर गेले आणि साक्षात्कार झाला, एवढे बोटांवर मोजून आपण मोकळे होतो. दुष्काळ आणि साक्षात्कार यांच्या मधल्या काळात त्या मनाचे काय झाले, तिकडे आपले फारसे लक्ष जात नाही. आम्हास वाटते, आजच्या वारकऱ्याला गरज आहे ती नेमकी त्या मधल्या काळाची.

कारण दिंडीत, फडावर, एकादशीच्या जागरात एक गाऱ्हाणे फार ऐकू येते. माळ हातात आहे, मुखात नाम आहे, पण डोके ठिकाणावर नाही. पेरणीचे पैसे, मुलीचे लग्न, भावाशी झालेला तंटा, दहा वर्षांपूर्वी कोणाला तोडून बोललेला एक शब्द; घाण्याच्या बैलासारखे मन त्याच त्या भोवती फिरत राहते. फिरून फिरून शेवटी समोरचेही सुचेनासे होते. काय करायला उठलो होतो ते आठवत नाही, अभंगाचे पुढले चरण ओठांवर येत नाही, डोक्यात धुके भरल्यासारखे होते. मग तो भाविक स्वतःलाच दोष देत बसतो की माझी भक्तीच खोटी, नाहीतर मन असं पळालं असतं का? आणि आजूबाजूचे शहाणे त्याला सांगतात, अहो, विचार करणं सोडा! जणू विचार म्हणजे खांद्यावरचा पंचा. काढला नि खुंटीला अडकवला.

तुकोबाराय ह्या वाटेने चालून गेलेले आहेत. कसे गेले, ते आपण क्रमाने पाहू.

शके १५३०, म्हणजे इ. स. १६०८, हे त्यांचे जन्मवर्ष म्हणून सामान्यतः धरतात. घराणे मोऱ्यांचे. मूळपुरुष विश्वंभरबोवा, देहूचे विठ्ठल-रखुमाई त्यांच्यामुळे. तेव्हापासून तुकोबांपर्यंत घरात पंढरीची वारी चालत आलेली. वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरले सावजी, मधले तुकोबा, धाकटे कान्होबा. गावची महाजनकी, शेती, दुकान, थोडी सावकारी. खाऊनपिऊन सुखी असे घर. वडील थकले तेव्हा कारभार थोरल्याकडे जायचा, पण सावजी लहानपणापासून विरक्त. त्यांनी प्रपंचाला हात लावायचे नाकारले आणि तेराव्या वर्षी तुकोबांच्या हातात तागडी आली.

ही तागडी आपण ध्यानात ठेवू या. महाराजांच्या अभंगांत माप, मोल, भांडवल, ठेव, ऋण, पेठ असे शब्द पदोपदी येतात ते उगाच नाही. ते जातिवंत दुकानदार होते. दुकानदाराचे मन कसे असते? दिवसभराची जमा एका बाजूला, नावे दुसऱ्या बाजूला, आणि सांजवेळी दोन्हींचा मेळ बसलाच पाहिजे. एका पैशाची चूक निघाली तर दिवा लावून तो पुन्हा पहिल्या पानापासून बेरीज धरतो. दुकानात ही सवय सोन्याच्या मोलाची. पण हीच खतावणी जर माणूस जन्ममरणाची मांडू लागला, माझ्या कोणत्या चुकीला हे दुःख नावे पडले याचा मेळ घालू लागला, तर त्याला दिवा कधी मालवताच येत नाही. आम्हास असे वाटते की ज्याला आपण नको इतका विचार म्हणतो, तो बहुतेक वेळा हा न बसणारा मेळच असतो.

तुकोबांवर मेळ न बसणारे प्रसंग एकामागून एक आले. पहिल्या पत्नी रखमाबाई यांना दम्याचा विकार होता, म्हणून पुण्याच्या अप्पाजी गुळवे यांची कन्या जिजाई हिच्याशी दुसरे लग्न झाले होते. सतराव्या वर्षी आईबाप गेले. पुढल्याच वर्षी सावजींची बायको वारली आणि सावजी तीर्थयात्रेला म्हणून निघून गेले ते घराला परतले नाहीत. अठरा वर्षांच्या पोरावर दोन बायका, धाकटा भाऊ, दुकान आणि देणे-घेणे पडले. व्यापार बसत गेला. महिपतीबोवांनी या दिवसांच्या पुष्कळ कथा सांगितल्या आहेत. महाराज मिरची विकायला कोकणात गेले, पैसे घेऊन परत येताना एका ठकाने सोन्याचा मुलामा दिलेली पितळेची कडी त्यांच्या गळ्यात मारली, आणि गावात हसे झाले. सासरच्यांनी सावरायचा प्रयत्न केला, तोही तडीस गेला नाही. अखेर दिवाळे वाजले. गावात ज्याची महाजनकी, त्याचेच दिवाळे. मग बाजारात मान वर करून कसे चालायचे?

आणि मग १६३० साल आले. पाऊस पडला नाही. गुजरात, खानदेश आणि सारी दख्खन भाजून निघाली. हा दुष्काळ केवळ आपल्या संतकथांतला नव्हे. शहाजहान बादशहाचा इतिहास लिहिणाऱ्या अब्दुल हमीद लाहोरीने तो नोंदला आहे. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी त्याच साली सुरतेहून आग्ऱ्याला निघाला होता, त्यानेही वाटेवरच्या प्रेतांचे वर्णन करून ठेवले आहे. भाकरीच्या तुकड्यापुढे माणसाच्या जिवाला किंमत उरली नव्हती. पुणे परगण्यावर त्याच सुमारास आदिलशाही फौजेची धाड पडून पुणे जाळले गेले, म्हणजे अस्मानीबरोबर सुलतानीही आली. अशा दिवसांत देहूच्या महाजनांच्या घरात रखमाबाई अन्न अन्न करीत गेल्या. पाठोपाठ लहानगा संतोबा गेला. धान्य विकणाऱ्याच्या घरात माणसे अन्नावाचून मेली.

महाराजांनी पुढे आपल्या एका आत्मचरित्रपर अभंगात हे सारे थोडक्यात सांगितले आहे. वारकऱ्यांना तो तोंडपाठ आहे. त्यात रडारड नाही, दोष कोणाला दिलेला नाही. पण एक कबुली आहे, तिच्यावरून आपण भरभर पुढे जातो: आपल्याला लाज वाटली, असे ते सांगतात. दुःख झाले हे तर खरेच, पण लाज! दुःख आणि लाज यांत फरक आहे. दुःख रडून हलके होते. लाज माणसाला रात्री उठवून बसवते आणि तीच पाने पुन्हा उलटायला लावते. कोकणातून येताना त्या ठकाला ओळखले असते तर? दोन पोती धान्य आधीच राखून ठेवले असते तर? महाराजांच्या मनात नेमके हेच प्रश्न आले असे आम्ही म्हणणार नाही. पण कर्त्या माणसाच्या लाजेला वाट बहुधा ह्याच प्रश्नांची असते, हे ज्यांनी घरात मरण पाहिले आहे त्यांना सांगायला नको.

अशा मनःस्थितीत ते भामनाथाच्या डोंगरावर गेले. चाकणच्या बाजूचा हा डोंगर. आज भामचंद्र म्हणून लोक ओळखतात. तिथे पंधरा दिवस राहिले. अन्नपाणी नाही, अंगावर साप-विंचू चढल्याच्या, वाघ येऊन गेल्याच्या कथा आहेत. पंधराव्या दिवशी विठोबा निराकार रूपाने भेटला, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. तो अनुभव शब्दांत पकडण्याचा आमचा अधिकार नाही, तेव्हा त्याबद्दल आम्ही गप्प राहतो. धाकटे कान्होबा रानोमाळ शोधत आले आणि भावाला घेऊन खाली उतरले, ते मात्र पाहू, कारण उतरल्यावर महाराजांनी पहिले काम काय केले हे फार बोलके आहे.

त्यांनी घरातली कर्जखते मागवली. बोल्होबांच्या काळापासून लोकांना दिलेल्या पैशांचे ते कागद. दुष्काळानंतर कोण फेडणार होते? पण कागद होते तोवर वसुलीचा विचार होता, आणि विचार होता तोवर डोक्यातली खतावणी उघडी होती. महाराजांनी त्या कागदांचे दोन वाटे केले. अर्धे कान्होबांच्या हातात दिले आणि आपले अर्धे इंद्रायणीत सोडले.

कीर्तनात या प्रसंगाला नेहमी वैराग्याचा प्रसंग म्हणतात, आणि तो आहेच. पण अर्धे हा शब्द आमच्या मते जास्त मोलाचा. सगळेच कागद बुडवले असते तर ते आवेशाचे काम झाले असते. कान्होबांना संसार करायचा होता, त्यांचा वाटा त्यांचा. दुसऱ्याच्या हिश्शाचे समाधान आपण करू नये, एवढी समज डोंगरावरून उतरलेल्या ह्या भावाला होती. स्वीकार करायचा तो आपल्या नावाच्या कागदांचा. आपल्या येण्यातले जे बुडाले ते बुडाले, असे म्हणून त्यांनी वही मिटली. मेळ बसला म्हणून नव्हे हो! मेळ बसलाच नव्हता. रखमाबाईंच्या मरणाचा मेळ कुठल्या वहीत बसणार?

आता आपण म्हणाल, वही मिटली, झाले. मन मोकळे झाले. इथेच आपली समजूत चुकते. वही मिटल्याने हात मोकळे होतात, मन लगेच होत नाही. मग मोकळ्या हातांनी महाराजांनी काय केले? विश्वंभरबोवांच्या वेळचे विठ्ठलाचे देऊळ पडझडीला आले होते. ते त्यांनी दुरुस्त करायला घेतले. दगड वाहिले, माती कालवली, भिंती उभ्या केल्या. कोणाच्या अंगावरचे ओझे दिसले की ते आपल्या खांद्यावर घ्यायचे. कोणाचे गूळ-तेल बाजारातून आणून द्यायचे. एकादशीला कीर्तनकाराच्या मागे उभे राहून ध्रुपद धरायचे. सुरुवातीला अभ्यासात चित्तच लागत नव्हते, असे ते मोकळेपणी सांगून गेले आहेत. पाहा, तुकोबांचे चित्त लागत नव्हते! तेव्हा त्यांनी चित्त लागेपर्यंत वाट पाहिली नाही. संतांची काही वचने पाठ केली, आणि दुसऱ्याने आरंभलेल्या पदाला भावाने साथ दिली. स्वतःचे पद सुचण्याइतके डोके थाऱ्यावर नसेल तर मागे उभे राहून टाळ तर वाजवता येतो. ज्यांना दिंडीत टाळ हातात असतानाही मन हजार ठिकाणी गेल्याची खंत वाटते, त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की महाराज बरीच वर्षे ह्याच मागल्या रांगेत उभे होते.

मग भंडाऱ्याचा डोंगर. तिथे ज्ञानेश्वरी, नाथभागवत, नामदेवरायांचे अभंग यांची पारायणे झाली. याच काळातला गुरूपदेशाचा प्रसंग आम्हास फार आवडतो. माघ शुद्ध दशमी, गुरुवार. स्वप्नात बाबाजी चैतन्य भेटले. महाराज स्नानाला चालले होते, वाटेत त्यांनी मस्तकावर हात ठेवला, राम कृष्ण हरि हा मंत्र दिला, आणि भोजनाला पावशेर तूप मागितले. तुपाचा महाराजांना विसर पडला. गुरूने मागितलेली एवढीशी वस्तू, आणि ती द्यायची राहून गेली! हे महाराजांनी झाकून ठेवलेले नाही, अभंगात घालून ठेवले आहे. आपल्यापैकी एखाद्याच्या हातून असे झाले असते तर जन्मभर तो त्याच पावशेर तुपाचा विचार करीत बसला असता की माझे तूप राहिले, म्हणून कृपा अपुरी राहिली असेल काय? महाराजांनी विसर पडला हे सांगितले, मंत्र मिळाला हेही सांगितले, आणि पुढे मंत्राचा जप धरला. धुक्यात एक गोष्ट हरवली, एक हाती लागली. हाती लागली तिला धरून चालणे, एवढेच त्यांनी केले. ती दशमी आजही भंडाऱ्यावर मोठ्या थाटाने साजरी होते.

येथे थोडे थांबून एक गोष्ट बोलून घेणे जरूर आहे. संसाराचे हे सारे ओझे जिजाईने वाहिले. कीर्तनात आपण तिला आवली म्हणून कजाग ठरवतो, तिच्या तोंडी ठसकेबाज बोल घालतो आणि श्रोत्यांना हसवतो. आम्हास हे बरे वाटत नाही. महिपतीबोवाच सांगतात की तिने आपल्या नावावर दोनशे रुपये कर्ज काढून नवऱ्याला पुन्हा व्यापाराला पाठवले. व्यापार झाला, नफाही झाला, आणि परत येताना सावकाराने गांजलेल्या एका माणसाची दया येऊन महाराजांनी ते सगळे पैसे त्याला देऊन टाकले. नवरा भंडाऱ्यावर, घरात पोरे, आणि तरी ही बाई उन्हातून डोंगर चढून भाकरी घेऊन जाते. पायात काटा मोडतो तर तो काढायला पांडुरंग येतो. देव जिच्या पायाला हात लावतो तिला आपण हसावे? महाराजांचा स्वीकार आपल्यापुरता होता. पण घरातला एक जण वही मिटतो तेव्हा दुसऱ्याला ती उघडी ठेवावीच लागते, कारण सकाळी चुलीवर काहीतरी चढवायचे असते. म्हणून ज्यांनी ज्यांनी समाधानाच्या नावाखाली घरची जबाबदारी टाकली आहे, त्यांनी तुकोबांचा दाखला देऊ नये. चांगल्या मार्गाने पैसा मिळवावा आणि तो हात आखडता न घेता, पण त्यात जीव न गुंतवता खर्चावा, असेही महाराजांनीच लोकांना सांगितले आहे. देवाने नेमलेल्या जागी समाधानाने असावे हा त्यांचा उपदेश सगळ्यांच्या तोंडी असतो. आळशाच्या तोंडी तो जरा जास्तच असतो, बरं का.

आणखी एक अवघड वचन आहे. दिवाळे निघाले ते बरे झाले, दुष्काळाने पीडिले ते बरे झाले, बायको गेली, लोकांत अपमान झाला, तेही बरे झाले, कारण त्यामुळे देवाची आठवण राहिली, अशा आशयाचा महाराजांचा अभंग आपल्याला ठाऊक आहे. परधर्मी किंवा नव्या विचाराचा माणूस हे ऐकतो तेव्हा त्याच्या अंगावर काटा येतो. बायको अन्नावाचून मेली ते बरे झाले? आपण त्याच्यावर रागावू नये. काटा यावा असेच ते वचन आहे. फक्त दोन गोष्टी पाहाव्यात. एक, हे उद्गार रखमाबाईंच्या चितेजवळचे नाहीत. मध्ये डोंगर आहे, इंद्रायणी आहे, देवळाच्या भिंतीचे दगड आहेत, कित्येक एकादशा आहेत. दुसरी, हे ते आपल्या स्वतःच्या दुःखाविषयी बोलतात. दुसऱ्याच्या दारी मरण झाले असता तिथे जाऊन बरे झाले म्हणणारा माणूस तुकोबांचा नव्हे. तिथे महाराज गेले असते तर त्यांनी पाणी भरले असते, तिरडीला खांदा दिला असता. शोकात असलेल्याला समाधानाचे बोल ऐकवण्याची जी घाई आपल्या मंडळींत दिसते, ती आम्हास बरोबर वाटत नाही.

तसेच मनाच्या धुक्यालाही घाई करून चालत नाही. साक्षात्कार झाल्यानंतरच्याही अभंगांत महाराज मनाशी भांडताना दिसतात. कधी त्याला गोंजारतात, कधी हात जोडतात, कधी देवापुढे त्याची तक्रार घेऊन जातात की ह्याला मी आवरू शकत नाही, तूच धर. आत-बाहेर झगडा चालू असल्याची कबुली त्यांनी लपवली नाही. मात्र मनाला मारून टाका असे त्यांनी कोणाला सांगितलेले आम्हास आठवत नाही. त्याला प्रसन्न ठेवा असे सांगितले आहे. ज्याला प्रसन्न करायचे त्याच्यावर आपण आधी आसूड ओढत नाही. भरकटलेल्या मनाला पकडून शिक्षा करणे हाही एक विचारच, आणि तो मूळ विचारापेक्षा वाईट, कारण त्याला भक्तीचा वेश असतो. नाम घेता घेता मन बाजारात गेले; बरे, गेले. जिभेवर नाम आहे ना? ते चालू द्यावे. मन फिरून येते तेव्हा घर उघडे असले म्हणजे झाले.

(ज्याची झोप महिनोन् महिने उडाली आहे, ज्याला अन्न जात नाही, जीव नकोसा वाटतो, त्याला नुसते नाम घे म्हणून आमच्या माळकऱ्यांनी बसवून ठेवू नये. दम्याला जसा वैद्य तसा ह्यालाही डॉक्टर आहे. औषध घेऊन नाम घेतल्याने नामाला कमीपणा येत नाही.)

आता चरित्रातला दुसरा मोठा प्रसंग. वाघोलीच्या रामेश्वरभटांनी आक्षेप घेतला की शूद्राच्या मुखाने वेदार्थ निघतो हे शास्त्राला धरून नाही, आणि अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. एकदा महाराजांनी आपल्या हाताने कागद ह्याच नदीत सोडले होते. तेव्हा ते आपणहून होते. ह्या वेळी मात्र जगाच्या हुकमाने आपला जीवच बुडवायचा होता. लोक म्हणू लागले, आधी धन बुडवलं, आता परमार्थही बुडवला! त्या शिळेवर महाराज तेरा दिवस अन्नपाण्यावाचून पडून राहिले.

ह्या तेरा दिवसांचे म्हणून जे अभंग आहेत ते वाचले म्हणजे दिसते की दुकानातली वही मिटलेला माणूस पुन्हा वही उघडून बसला आहे. देवाशी हिशेब चालला आहे. माझे वचन खरे का खोटे? तू मला लिहायला लावलेस, मग आता गप्प का? पूर्वीच्या दुःखात त्यांनी देवाला दोष दिला नव्हता, ह्या दुःखात देतात. तेव्हा स्वीकार ही एकदा करून ठेवायची गोष्ट नाही, हे महाराजांच्याच चरित्रात आहे. प्रत्येक नवे संकट नवी खतावणी घेऊन येते.

तेराव्या दिवशी वह्या कोरड्या वर आल्या, अशी आपली श्रद्धा आहे. पण आम्हास त्यानंतरचे अभंग जास्त हलवतात. वह्या मिळाल्या म्हणून महाराज नाचले-बागडले असे त्यांत नाही. ते देवापुढे खजील झाले. मी तुझा अंत पाहिला, लोकांच्या बोलण्यासाठी तुला पाण्यात उभे केले, उपाशी बसून तुला गांजले. माझी मान कापली जात होती असे तर काही नव्हते, मग एवढा हट्ट कशाला, असा त्यांचा सूर आहे. जिंकलेला माणूस माफी मागतो आहे! वह्या परत आल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आले की आल्या नसत्या तरी चालले असते. आमच्या मते भामनाथाच्या डोंगरावर जे सुरू झाले ते इंद्रायणीच्या त्या शिळेजवळ पुरे झाले.

रामेश्वरभट पुढे स्वतः महाराजांचे झाले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. देहूच्या मंबाजीने काट्यांनी मारले त्याच रात्री तो कीर्तनाला आला नाही म्हणून महाराजांनी त्याच्याकडे जाऊन अंग चेपून दिले, हीही ठाऊक आहे. मार खाल्लेल्याने मारणाऱ्याचे हात दुखले असतील म्हणून काळजी करावी, हे आपल्या आवाक्यातले नव्हे. पण त्यात एक साधी गोष्ट आहे. झालेला मार महाराज त्या रात्री आठवत बसले नाहीत. त्यांना कीर्तनातली एक जागा रिकामी दिसली, आणि ते उठून तिकडे गेले.

पुढल्या वर्षांत देहूला माणसांची रीघ लागली. कोल्हापुराकडून बहिणाबाई आल्या. वासराच्या मरणाने त्या खचल्या होत्या, देहभान हरपून पडल्या होत्या, आणि त्या अवस्थेत त्यांना तुकोबांचे दर्शन झाले होते. प्रत्यक्ष देहूत येऊन त्यांनी कीर्तने ऐकली. चाकणचे संताजी जगनाडे घाण्याचे तेली. ते महाराजांचे अभंग लिहून ठेवू लागले. कडूसचे गंगाराम मवाळही टाळकऱ्यांत होते. ज्यांची मने घाण्याला जुंपल्यासारखी झाली होती अशी किती माणसे त्या कीर्तनात मागल्या रांगेत उभी राहून ध्रुपद धरीत असतील!

शके १५७१, फाल्गुन वद्य द्वितीया, इ. स. १६५० च्या मार्च महिन्यात महाराज वैकुंठाला गेले. जिजाई तेव्हा गरोदर होती. काशी, भागीरथी, गंगा ह्या मुली, महादेव आणि विठोबा हे मुलगे तिच्या पदरी होते. सहावा नारायण बाप गेल्यावर जन्मला. त्याने महाराजांना पाहिलेच नाही. जिजाईने त्याला वाढवले. ह्याच नारायणबोवांनी १६८५ साली वडिलांच्या पादुका पालखीत ठेवल्या, आळंदीला माउलींच्या पादुका बरोबर घेतल्या, आणि पंढरीची वाट धरली.